आधी हात, मग पाणी

उपकार करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे उपकाराची रीत आपोआप शुद्ध ठरते काय, हा नीतिविचारातील एक जुना प्रश्न आहे. राजा आणि प्रजा, वैद्य आणि रोगी, गुरू आणि शिष्य अशा जोड्या घेऊन तो बहुधा मांडला जातो. आम्ही तो येथे घरच्या कुत्र्याच्या आंघोळीच्या निमित्ताने मांडणार आहोत. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याला बोलता येत नाही, ज्याच्या नकाराची कोठे नोंद होत नाही आणि ज्याला दाद मागायला जागा नाही, अशा जिवावर आपली संपूर्ण सत्ता चालते तेव्हा आपण कसे वागतो, हे पाहण्यास याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

आमच्या अळणावरात रविवारी सकाळी हा सोहळा अनेक परसांतून चालतो. कुत्र्याला साखळीने खांबाला बांधतात. एक जण मान धरतो, दुसरा नळाची नळी सोडतो, तिसरा साबण चोळतो. कुत्रा प्रथम ओढाताण करतो, मग केकाटतो, आणि शेवटी शेपूट पोटाशी घेऊन थरथरत उभा राहतो. ‘आता कसा गप्प झाला बघा’ असे म्हणून मंडळी उरलेले काम उरकतात. यातील कोणीही क्रूर नसतो. ज्या हाताने मान आवळलेली असते, तोच हात दुपारी आपल्या पानातली अर्धी भाकरी त्याला घालतो. क्रौर्य नाही, तरी भय आहे. प्रेम आहे, तरी जबरदस्ती आहे. प्रश्न नेमका येथेच उभा राहतो.

आंघोळ टाळावी, असे आमचे म्हणणे नाही. आमचे गाव मलनाडाच्या उंबरठ्यावर वसलेले. पावसाळा दांडगा, तांबडी माती पायाला चिकटणारी, आणि दांडेली-हल्याळकडचे अरण्य जवळच. गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी नाहीत, असे क्वचितच घडते. गोचीड केवळ रक्त पीत नाही. तिच्या दंशातून कुत्र्याला जिवावर बेतणारे ताप येतात. म्हणून अंग तपासणे, धुणे, औषध लावणे हे ओघानेच आले.

तरीही या हिताचा हिशेब नीट मांडला पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीत कुत्रा ओसरीच्या खाली राही. मातीत लोळणे, उन्हात पडणे आणि अंग चाटणे ही त्याची स्वच्छता. त्याच्या अंगाचा वास येतो, अशी तक्रार कोणी करीत नसे, कारण तो घरात येतच नसे. आज तो दिवाणखान्यात बसतो, नातवंडांच्या अंथरुणात शिरतो. त्याला आत घेणे हा आपला निर्णय होता. म्हणजे आंघोळीची निम्मी गरज त्याच्या त्वचेची असली, तरी निम्मी आपल्या नाकाची आणि आपल्या चादरींची आहे. हे लाजिरवाणे नाही, पण ते कबूल केले म्हणजे ‘तुझ्याच भल्यासाठी’ या वाक्याचा आवाज थोडा खाली येतो. आणि तो खाली येणे बरेच असते.

आता हीच घटना कुत्र्याच्या बाजूने पाहू. माणसाच्या कानाची मजल साधारण २०,००० कंपनांपर्यंत जाते, कुत्र्याची सुमारे ४५,०००पर्यंत. नळीतून सुटलेल्या पाण्याचा जो फुत्कार आपल्याला जाणवतही नाही, तो त्याच्या कानावर केवढा आदळत असेल! ज्या गंधांनी तो स्वतःला, घराला आणि घरच्या माणसांना ओळखतो, ते सर्व गंध आपला सुगंधी साबण एका घटकेत पुसून टाकतो. गुळगुळीत फरशीवर त्याची नखे रुतत नाहीत. चार पायांच्या प्राण्याला पायाखालची जमीन सरकणे म्हणजे पडण्याची भीती, आणि पडणे म्हणजे शत्रूच्या तावडीत सापडणे, असे त्याचे शरीर त्याला सांगत असते. त्यात गळ्याला साखळी, म्हणजे पळण्याची वाटही बंद. आपण ज्याला आंघोळ म्हणतो, ती त्याच्या लेखी अकस्मात आलेली आणि केव्हा संपेल हे ठाऊक नसलेली आपत्ती असते.

आपल्या भागाला विशेष ठाऊक असलेल्या मुधोळ जातीच्या कुत्र्याचे उदाहरण येथे घेता येईल. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने ही शिकारी जात जोपासली. महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही मान होता. पुढे सैन्यानेही ही जात प्रशिक्षणासाठी निवडली. असा हा रानात सशामागे बाणासारखा धावणारा प्राणी. परंतु अंगावर चरबी नाममात्र आणि केस आखूड, म्हणून थंड पाण्याने तो लगेच कुडकुडतो. परक्याने अंगाला हात लावलेला तर त्याला मुळीच खपत नाही. शूर जातीचा कुत्रा पाण्याच्या तांब्याला भितो, याचे काहींना हसू येते. वास्तविक शौर्य आणि भय यांत विरोध नाही. समोर दिसणाऱ्या संकटावर धावून जाता येते; ज्याचे कारण कळत नाही, त्याच्यावर धावून कसे जाणार?

न कळणाऱ्या भयाची ही गोष्ट आपल्या महाभारताच्या आरंभीच आली आहे. जनमेजयाच्या यज्ञात देवशुनी सरमेचे पोर आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते की ते चाटले नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. सरमेने जाब विचारला तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. तिने शाप दिला तो मृत्यूचा किंवा राज्यनाशाचा नव्हता. निरपराधाला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल, असा तो शाप होता. त्या पोराने जे भोगले तेच तिने परत केले. पुढे याच ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जाण्यास नकार देतो. एवढ्या विशाल ग्रंथाच्या दोन टोकांना दोन कुत्री उभी आहेत. एक भ्यालेले आणि एक न सोडलेले. संतांकडे वळलो तर नामदेवांची कथा घरोघरी ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपण साबण घेऊन धावतो. धावणे तेच, पण त्या कुत्र्याला वाटी दिसली असेल आणि आपल्याला मात्र काठी दिसते, एवढा त्यात भेद आहे. खंडोबाच्या, म्हणजेच कन्नड मुलखातील मैलाराच्या पायाशी कुत्रा बसलेला असतो. दत्तमूर्तीभोवती चार असतात. ज्या घरांत या मूर्ती पूजेत आहेत, त्यांना हा विचार परका वाटू नये.

आधुनिक कायद्यानेही हा विषय स्पर्शिला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकतो आणि अनावश्यक वेदना टाळण्यास सांगतो. १९७६च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. पुढे २०१४ साली जल्लिकट्टूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा पुरस्कार केला. भूक-तहानेपासून, भय व क्लेशापासून, शारीरिक गैरसोयीपासून, वेदना व रोगापासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, अशी ती पाच. आमच्यासारख्या फायलींत आयुष्य घालवलेल्या माणसाचे लक्ष येथे एका गोष्टीवर खिळते. आंघोळीच्या वेळी यांपैकी दोन स्वातंत्र्ये परस्परांसमोर उभी ठाकतात. गोचीड व खरूज यांपासून मुक्त करायचे, तर भय द्यावे लागते. भय द्यायचे नाही, तर रोग राहतो. दोन्ही बाजू न्याय्य असलेले प्रकरण एकीला फेटाळून निकालात काढता येत नाही. तेथे रीत शोधावी लागते. म्हणूनच कुत्र्याला शांतपणे कसे न्हाऊ घालावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून नीतीचा आहे.

पण शांत म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. थरथरत का होईना, कुत्रा निश्चल उभा राहिला की आपण त्याला शांत म्हणतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७च्या सुमारास सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. जखडलेल्या कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले, की ते थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. पुढे त्याच कुत्र्यांना जेथून सहज उडी मारून सुटता येईल अशा पेटीत ठेवले. त्यांतील पुष्कळांनी उडी मारलीच नाही. ती कण्हत पडून राहिली. हे प्रयोग आज वाचवत नाहीत, पण त्यांनी एक सत्य उघड केले. धडपड थांबणे ही शांती नसते. काही वेळा ती आशा संपल्याची खूण असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच दोघांनी सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली सांगितली. तोवरच्या मेंदूविषयक संशोधनाच्या आधारे त्यांनी आपला जुना सिद्धान्त उलटा केला. हताश होणे हे जीव शिकत नाही. दीर्घ क्लेशात ते आपोआपच घडते. शिकावे लागते ते हे, की परिस्थितीत काहीतरी माझ्या हाती आहे. परसातल्या खांबाला बांधलेल्या कुत्र्याला आपण हेच एक शिकू देत नाही.

ते शिकवायचे कसे, याचे उत्तर आपल्या घरातच आहे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी म्हातारी आठवावी. ती पाटावर पाय लांब करून बसते आणि बाळाला आपल्या पोटऱ्यांवर आडवे घेते. प्रथम तेलाचा हात अंगभर फिरतो. मग ती घंगाळातल्या पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहते. पाणी एकदम ओतीत नाही. आधी हात ठेवते आणि हातावरून पाणी सोडते, म्हणजे बाळाला पाण्याच्या आधी ओळखीचा स्पर्श लागतो. तोंडाने काही गुणगुणणे चालूच असते. बाळ रडले तर ती क्षणभर थांबते, पण घाबरून उठत नाही. बाळालाही आंघोळीची परवानगी कोणी विचारीत नाही. तरी तेथे जबरदस्ती जाणवत नाही, कारण प्रत्येक पावलाला बाळाच्या अंगाची साक्ष घेतलेली असते. ‘आधी हात, मग पाणी’ हा त्या स्नानाचा अलिखित नियम होय. कारहुणवीला, म्हणजे वरच्या मुलखातल्या बेंदराला, बैल धुणारा शेतकरीही तसाच असतो. तो बैलाला तळ्यात लोटीत नाही. स्वतः आधी पाण्यात उतरतो आणि त्याला मागे बोलावतो.

हाच नियम कुत्र्याला लावला तर पुढीलप्रमाणे वागावे लागेल. पूर्वी निमूट न्हाणारा कुत्रा एकाएकी बिथरू लागला, तर कान, त्वचा किंवा सांधे दुखत नाहीत ना, हे पशुवैद्याकडून आधी पाहून घ्यावे. दुखणाऱ्या अंगावर कोणतीच युक्ती चालत नाही. वैद्याने अधिक वेळा सांगितले नसेल, तर निरोगी कुत्र्याला महिन्याकाठी एक आंघोळ बहुधा पुरते. फार धुण्याने त्वचेचे नैसर्गिक तेल जाते. रोज केस विंचरून गोचिडी पाहण्याने जे साधते, ते रविवारच्या झटापटीने साधत नाही.

नंतर न्हाण्याच्या जागेचे भय काढावे. काही दिवस त्याला तेथे केवळ न्यावे, पाणी न घालता भाकरीचा तुकडा द्यावा आणि परत आणावे. मग रिकामी बादली ठेवावी. मग ओल्या फडक्याने एक पंजा पुसावा, तुकडा द्यावा, सोडून द्यावे. रशियाच्या पावलोव्हने दाखविले, की कुत्र्याच्या मनात एका गोष्टीची खूण दुसरीशी जोडली जाते. बादलीच्या कडीचा आवाज आपण भयाशी जोडला असेल, तर तो खाऊशी जोडता येतो. मात्र जोडणी सावकाश व्हावी लागते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाचे भय असेच घालविले. मूल आवडीचे खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणला जाई. ज्या अंतरावर भीती वाटत नाही तेथून सुरुवात करायची आणि भीती दिसताच एक पाऊल मागे यायचे, एवढेच त्यातील शास्त्र.

प्रत्यक्ष आंघोळीच्या दिवशी पायाखाली गोणपाट किंवा रबराची चटई घालावी. बादल्या आधीच भरून ठेवाव्यात, म्हणजे नळाचा आवाज नको. पाणी कोमट असावे. आपल्याला सुखावणारे कढत पाणी त्याला सोसत नाही, कारण आपल्यासारखे अंगभर घाम गाळून उष्णता टाकणे त्याला जमत नाही. नळीऐवजी तांब्या घ्यावा. ज्याच्यावर त्याचा सर्वांत अधिक विश्वास आहे, अशा एकानेच हे काम करावे. बाकीच्यांनी, विशेषतः हसणाऱ्यांनी, घरात बसावे. पाठीवर हात ठेवून हातावरून पाणी सोडावे. डोक्यावर पाणी ओतू नये; तोंड ओल्या फडक्याने पुसावे आणि कानांत पाणी जाऊ देऊ नये. आपला साबण त्याला लावू नये. माणसाची त्वचा किंचित आम्ल असते, कुत्र्याची तितकी नसते. त्यामुळे त्याच्यासाठी केलेला शाम्पूच योग्य. तो पूर्ण निघेपर्यंत धुवावे. शेवटी टॉवेलने टिपून त्याला मोकळे सोडावे आणि मनसोक्त अंग झाडू द्यावे. भिजलेला कुत्रा अवघ्या काही सेकंदांत अंगावरचे सुमारे ७० टक्के पाणी झाडून टाकतो, असे २०१२ साली अमेरिकेत मोजून पाहिले आहे. आपण चिडतो ते झाडणे ही त्याची स्वतःच्या हाताने केलेली उरलेली आंघोळ होय. तेवढी तरी त्याची त्याला करू द्यावी.

या सर्वांत मोलाची गोष्ट थांबण्याची. कुत्रा बोलत नसला तरी सांगत असतो. तो पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, झोप नसता जांभई देतो, मान वळवितो, डोळ्यांचे पांढरे दाखवितो. ही त्याची विनंती समजावी आणि हात आखडता घ्यावा. आपण सांगितले की समोरचा थांबतो, हे त्याला दोन-चारदा कळले म्हणजे पळण्याची गरज उरत नाही. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला अर्थ असतो.

यावर एक आक्षेप असा येईल, की एवढे सोपस्कार करण्यास वेळ कोणाला आहे? आम्ही म्हणू, की पहिल्या महिन्यात वेळ लागतो आणि पुढची दहा वर्षे तो वाचतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंगावर डांबर किंवा विषारी औषध सांडले असेल, तर कुत्र्याच्या संमतीची वाट पाहायची काय? नाही. तेथे धरून धुतलेच पाहिजे. संकटात सक्ती क्षम्य असते, परंतु संकटापुरतीच. रविवार हे संकट नव्हे. आपत्तीतला अपवाद रोजची वहिवाट बनतो, तेव्हा हिताच्या नावाखाली सत्ता आपली सोय पाहू लागते.

याचे मोठे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा रोग्यांना वेगळे काढणे आणि घरे निर्जंतुक करणे यांमागचा हेतू लोकांचे प्राण वाचविण्याचा होता. पण गोरे सोजीर घरांत, देवघरांत शिरले, माणसांच्या मानापमानाची पर्वा राहिली नाही. लोक रोगी लपवू लागले. उपाय करणाऱ्याची धास्ती रोगाहून मोठी झाली. प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, हे सर्वश्रुत आहे. कुत्रा आणि माणूस यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. भयाची रीत मात्र दोहोंकडे एकच आहे. बादली दिसताच खाटेखाली शिरणारा कुत्रा आपली जखमही आपल्याला दाखवीनासा होतो. जे हित साधायचे होते, तेच हातचे जाते. आम्हीही सरकारी नोकरीत लोकांच्या भल्याच्या पुष्कळ योजना पाहिल्या. लोकांच्या अंगावर ओतलेली योजना आणि आधी हात ठेवून सोडलेली योजना यांतला फरक गावात पाऊल टाकताच कळत असे.

शेवटी एक गोष्ट आमच्या वयाच्या वाचकांसाठी. आपल्या पिढीतील कित्येक जण आता अशा टप्प्यावर आहेत, की उद्या आपली आंघोळही दुसऱ्याच्या हाती जाईल. मुले दूर गावी, सुना-नातवंडे आपापल्या कामांत. मग पगारी माणूस येईल. त्याचा हेतू चांगलाच असेल आणि त्याला घाईही असेल. आपण कदाचित बोलू शकणार नाही, किंवा बोललो तरी ते म्हातारपणाचे कुरकुरणे मानले जाईल. गप्प बसलो तर ‘आजोबा आता शांत झाले’ असे म्हणतील. त्या दिवशी पाण्याची ऊब कोणी कोपराने पाहिली की नाही आणि पाण्याआधी खांद्यावर हात आला की नाही, यावर आपली सारी प्रतिष्ठा अवलंबून राहील.

घरातील लहान मुले हे सर्व परसात उभी राहून पाहत असतात. दुबळ्याला कसे हाताळावे, याचा पहिला धडा त्यांना पुस्तकातून मिळत नाही. भिणाऱ्या जिवापाशी एक मोठा माणूस गुडघे टेकून बसला आहे, त्याने तांब्या खाली ठेवला आहे आणि तो वाट पाहत आहे, एवढे त्यांनी पाहिले तरी पुरे. पुढे कोणाला न्हाऊ घालण्याची पाळी त्यांच्यावर आली, तर पाण्याआधी हात त्यांना आठवेल.